विदुलाताई, तुमच्या मोठ्या डावाबद्दल

विदुलाताई,

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आलं ते सही करण्यापुरतं. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, हे मी आजही अंदाजानं ठरवते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वहिनी, वाचणाऱ्याला कळलं ना? मग झालं." वाचणारं कोणी नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. समोर माणूस असला की माझा आवाज घशाखालीच राहतो. तुमच्यासमोरही राहायचा. आपल्या दोघींचं मिळून तुम्ही एकट्याच बोलायचात.

तुम्ही गेल्यापासून मी भिऊन आहे. दाराची बेल वाजली की गॅस बारीक करून उभी राहते, जणू फोडणीचा आवाज थांबला की घरात कोणी नाही असं बाहेरच्याला वाटेल. दाराच्या फटीतून लिफाफा पडला तर तो संध्याकाळपर्यंत उचलत नाही. खालून पोलीस सायकलवरून गेला तरी मी पडद्यामागे होते. हे म्हणतात, "अगं, तो लोकांच्या सायकलींचे दिवे चालू आहेत का बघत फिरतोय. तुला नाही बघत."

या नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पात तुमचं घर आमच्या डोक्यावर. लॉकडाऊन लागलं आणि तुम्ही घरून काम करायला लागलात, तेव्हापासून तुमची चाकांची खुर्ची मला दिवसभर ऐकू यायची. खिडकीकडून टेबलाकडे, टेबलाकडून फ्रीजकडे. थंडी पडली आणि खुर्चीच्या जागी खोकला ऐकू यायला लागला. मी पोळी लाटता लाटता थांबायची आणि छताकडे बघायची. खोकला आला की भीती वाटायची. आला नाही की जास्त वाटायची.

ज्या सकाळी पिवळी अँब्युलन्स आली, त्या सकाळी मी दार बोटभर उघडलं होतं. तुम्ही जिना स्वतः चालत उतरलात. मागे अंगभर प्लॅस्टिक घातलेली दोन माणसं. आमच्या दारापाशी तुम्ही थांबलात, दम घेतलात आणि म्हणालात, "वहिनी, कुकरमध्ये भात आहे. टाकून द्या, नाहीतर वास सुटेल." मी "हो" म्हणाले. तुम्ही पुढची पायरी उतरलात. आपलं शेवटचं बोलणं भातावर झालं.

किल्ली माझ्याकडे होती, पण वर जायची छाती होईना. तुम्ही गेल्याची बातमी आल्यावर हे दोन मास्क बांधून वर गेले आणि कुकर झाकणासकट कचऱ्यात टाकून आले. चांगला कुकर होता, तुमच्या आईंनी पुण्याहून दिलेला. पण ते दिवसच तसे होते, भातालाही माणसं घाबरत होती. तुम्हाला अग्नी दिला तो आम्ही फोनवर बघितला. मध्येच नेट अडकलं आणि तुमची पेटी बराच वेळ पडद्यावर तशीच थांबून राहिली.

पण माझ्या भीतीचं मूळ वेगळं आहे. गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी तुमचा पोकरचा मोठा डाव ठरला होता. सत्तर-ऐंशी माणसांनी त्याची फी आधीच भरली होती, रोख, आणि ती सगळी माझ्या हातात दिली होती. डाव झाला नाही. निम्मे पैसे हॉलवाल्या बाईकडे अडकले. आणि मग तुम्ही गेलात. त्यानंतर त्या सगळ्या माणसांना माझाच हात आठवायला लागला.

हे इथवर आलं कसं, हे मी भांडी घासताना पुन्हा पुन्हा आठवते.

पहिल्या वर्षी सहा जण होते. दिवाळीनंतरचा रविवार. तुम्ही खाली येऊन म्हणालात, "वहिनी, मूठभर राजमा आहे का? आणि हरभरे? वाटाणे?" मला वाटलं, उसळ करणार असाल. तुम्ही त्यांचे पैसे केलेत. हरभरा एक, वाटाणा पाच, राजमा पंचवीस. तुमच्या जेवणाच्या टेबलाभोवती ऑफिसमधले सहा शिकलेले लोक संध्याकाळपर्यंत कडधान्यावरून भांडले. एकानं तीन राजमे खिशात घातले म्हणून केवढा दंगा! खेळ संपल्यावर तुम्ही सगळं परत आणून दिलंत. "घ्या, भिजत घाला." मी घातलं नाही. जुगारातलं धान्य पोटात कसं घालायचं?

तुम्हाला त्याचं हसू यायचं. पण आमच्या गावी पत्ते म्हणजे देवळामागे बसलेली माणसं. माझ्या आत्याला त्यांच्यातल्याच एका घरात दिलं होतं. तिच्या मांडणीवरची भांडी एकेक करून कमी व्हायची. कोणी विचारलं तर ती म्हणायची, "घासायला बरं पडतं."

"अहो वहिनी, तो जुगार," तुम्ही म्हणालात. "ही टूर्नामेंट. जुगारात माणूस हरत राहतो आणि बसून राहतो. इथं एकदाच फी, सगळ्यांना सारखे दाणे. दाणे संपले की उठायचं, तुमच्या हातचं जेवायचं, घरी जायचं. नाटकाचं तिकीट काढतो ना, तसंच."

"नाटकाला आलेला माणूस दुसऱ्यांच्या तिकिटांचे पैसे घेऊन घरी जात नाही," मी म्हणाले. हळू म्हणाले, पण तुम्हाला ऐकू गेलं. किती हसलात! "बघा! तोंड आहे की तुम्हाला!"

दुसऱ्या वर्षी आपल्या बिल्डिंगची खालची खोली घेतलीत, तीन टेबलं. तिसऱ्या वर्षी फुटबॉल क्लबचं कँटीन. ग्रोनिंगनहून विद्यापीठातली मुलं सकाळची ट्रेन पकडून आली. त्यांना तुम्ही फी निम्मी ठेवली होतीत आणि मला बजावलं होतंत, "यांना वाढताना हात आखडू नका, ही मुलं पावावर जगतात." चौथ्या वर्षी राजमा गेला आणि सुटकेसमधून पोकरच्या खऱ्या चकत्या आल्या. रॉटरडॅमचे लोक आले, बंदरातल्या कंपन्यांत कॉम्प्युटरचं काम करणारे. गुजराती आले, तमिळ आले, तुमच्या ऑफिसातले दोन ताडमाड डच आले. त्यांच्यातला एक मिसळ खाऊन लालबुंद झाला, डोळे पुसत टेबलावर गेला आणि पुढचा डाव जिंकला. मग काय, सगळे जण वाटी घेऊन माझ्यासमोर उभे. तुम्ही टेबलं मोजायचात, मी पातेली. पहिल्या वर्षी एक कुकर पुरला होता. चौथ्या वर्षी ह्यांनी मालकाला विचारून रेस्टॉरंटमधलं सगळ्यात मोठं पातेलं आणलं, आणि मी स्टुलावर उभी राहून ढवळत होते.

पैसे माझ्याकडे आले ते तिसऱ्या वर्षी. तुम्ही भर सभेत जाहीर केलंत, "खेळणाऱ्याकडे पैसे ठेवायचे नाहीत. वहिनी खेळत नाहीत आणि बोलत नाहीत. याहून चांगली बँक अख्ख्या नेदरलँड्समध्ये सापडायची नाही." सगळे हसले. मला नावं लिहायला वेळ लागतो आणि रांग खोळंबते, म्हणून तुम्हीच युक्ती काढलीत. जुन्या कॅटमधला पत्ता घ्यायचा, मधून फाडायचा, निम्मा फी देणाऱ्याला, निम्मा माझ्या बिस्किटांच्या डब्यात. फाटलेल्या कडा जुळल्या की माणूस खरा. लोकांना ते फार आवडलं. रॉटरडॅमचा निखिल तर म्हणायचा, "वहिनी, मला राणी द्या. गेल्या वेळी दुर्री दिलीत, पहिल्या तासात बाहेर पडलो."

हाच निखिल चौथ्या वर्षी तीन वेळा भरून खेळला. त्या वर्षी तुम्ही नियम बदलला होतात, हरलेल्याला पुन्हा फी भरून बसता येईल असा. त्याची बायको माझ्याबरोबर कांदा चिरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "वहिनी, ह्यांनी परत भरले का हो?" मी मान हलवली. ती चिरत राहिली. कांदा होता म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे वर आले. जिन्यात चार वाक्यं पाठ केली होती, त्यांतली दोनच बोलता आली. "हा नियम राहिला तर मी पैसे धरणार नाही. तुम्ही म्हणाला होतात, एकदाच फी, म्हणून घर बुडत नाही."

"वहिनी, मोठं करायचं तर लोकांना हवं ते द्यावं लागतं."

"मोठं कशाला करायचं?"

तुम्ही आठ दिवस चहाला खाली आला नाहीत. नवव्या दिवशी आलात, कप हातात घेतलात आणि म्हणालात, "काढला तो नियम. पण टेबलं वाढवणार." भांडण तिथंच राहिलं. निम्मं मी जिंकले, निम्मं तुम्ही.

मग टेबलं वाढायला लागली, आणि कोणीतरी तुमच्या फोनवर लिहिलं की घरात खेळलात तर चालतं, पण हॉल घेऊन, फी लावून बक्षिसं दिलीत तर इथं परवाना लागतो. तुम्ही म्हणालात, "अहो, सगळे ओळखीचेच तर आहेत."

"शंभर ओळखीचे?" मी विचारलं.

"मला आहेत की!"

तुम्हाला होते, ते खरं. पण आमचा इथला राहायचा कागद ह्यांच्या नोकरीवर. नोकरी गेली की आम्ही गेलो. मी त्या दिवसापासून बिस्किटांचा डबा कपाटातून काढून तांदळाच्या पिंपात ठेवला आणि भात लावताना रोज त्याच्यावर माप आपटायचं. तुम्ही मात्र शहराबाहेरचा, शेतांच्या मधला मोठा हॉल ठरवलात. हॉलवाल्या योलांदाबाईंनी निम्म्या डब्याएवढं भाडं आगाऊ घेतलं. तुम्ही नोटा मोजत होतात आणि तुमचा चेहरा लग्नघरातल्यासारखा दिसत होता.

पाडव्याला थोडेच दिवस उरले असताना सगळं बंद झालं.

योलांदाबाईंनी पैसे परत दिले नाहीत, व्हाउचर दिलं. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं, विमानवाल्यांपासून नाटकवाल्यांपर्यंत. मी म्हणाले, डब्यात उरलेत ते तरी लोकांना लगेच देऊन टाकू. तुम्ही म्हणालात, "निम्मे दिले तर लोक घाबरतील, म्हणतील बाकीचे गेले. डाव रद्द नाही, पुढे ढकललाय." मी म्हणाले, माणसं पुढे ढकलता येत नाहीत. का म्हणाले कोण जाणे. पुढे ते वाक्य मला फार टोचलं. उन्हाळाभर आपण हेच बोलत होतो, तुम्ही वरच्या गॅलरीतून वाकून, मी खालच्या गॅलरीतून मान वर करून. मान दुखायची. तुमची समजूत काही मला घालता आली नाही, आणि माझी तुम्हाला.

तरी एक गोष्ट सांगायची राहिली. त्या उन्हाळ्यात तुम्ही फोनवरचा डाव मांडलात, फुकटचा. फी नाही, बक्षीस नाही, जेवणसुद्धा नाही. आणि दोनशेवर माणसं आली. पुणे, सिंगापूर, अमेरिका, कुठून कुठून. तुम्ही मला वर बोलावलंत, मी दाराजवळ स्टूल टाकून बसले. पडद्यावर ग्रोनिंगनची ऋचा होती, ती अर्ध्या फीवाली. खोलीत एकटी, तिला करोना झालेला, जेवण दाराबाहेर ठेवून जात होते. पहिल्या अर्ध्या तासात हरली, पण पडदा बंद करेना. तुम्ही म्हणालात, "ऋचा, आउट झालीस गं."

"माहितेय ताई. बसू द्या ना. आज दिवसभरात पहिल्यांदाच कोणीतरी माझं नाव घेतलं."

मोठं कशाला करायचं, ते मला तिथं कळलं. घटस्फोटानंतर तुम्ही रविवार कसे काढले असतील, तेही कळलं. पण सांगू कशी? मी उठले आणि म्हणाले, "पोळ्या राहिल्यात." आणि खाली आले.

तुम्ही गेल्यावर महिनाभर सगळे गप्प होते. मग फोन सुरू झाले. आधी प्रेमाचे. "वहिनी, कशा आहात? ताईंचं फार वाईट झालं हो. आणि ते... डावाचं काही?" मग नुसते डावाचे. निखिल स्वतः आला. खाली रस्त्यावर, लांब उभा राहिला, मास्क लावून, आणि मी गॅलरीत.

"वहिनी, मी आरोप करत नाही. पण पैसे तुमच्या हातात दिले होते."

मी मान हलवली.

"मग कुठं आहेत?"

शेजारची डच बाई खिडकीशी आली. मी आत पळाले. दोन दिवस मला वाटत होतं, तिला मराठी कळलं आणि ती पोलिसांना सांगणार.

कोणीतरी ही गोष्ट पुण्यापर्यंत नेली. एका दुपारी अनोळखी नंबर वाजला.

"मी विदुलाची आई बोलते. तुमचं नाव ती सारखं घ्यायची." शाळेतल्या बाईंचा आवाज, एकेक शब्द सुटा. "एक विचारते. लोक म्हणतायत, माझ्या मुलीनं लोकांचे पैसे खाल्ले. खरं आहे का?"

मला सगळं सांगायचं होतं. हॉल, व्हाउचर, डबा. कुठून सुरू करू कळेना. नाही म्हणावं तर निम्मे पैसे नव्हते. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही.

"हॅलो? आहात ना?"

मी होते. त्या थांबल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.

विदुलाताई, आजाराची भीती वाटली, पोलिसांची वाटली, पण त्या दिवसासारखी कधी वाटली नाही. ज्या बाईची मुलगी गेली तिला मी गप्प राहून "हो" सांगितलं होतं. शेवटचा माणूस पैसे घेऊन गेल्याशिवाय मला त्यांना फोन करायला तोंड नव्हतं.

ह्यांचं रेस्टॉरंट बंद होतं, नुसती पार्सलं चालायची. तरी ह्यांनी एकच सांगितलं, "त्या डब्यातलं उसनंसुद्धा घ्यायचं नाही. आपण डाळभात खाऊ." ऋचाला मी फोन केला. कसाबसा. तिनं सगळ्यांना लिहून कळवलं की पत्त्याचा तुकडा दाखवा आणि पैसे न्या, आधी विद्यार्थी. डब्यात उरलेले सगळे असे गेले. ऋचानं स्वतःचे घेताना कुरकुर केली, मी तिला पहिल्यांदाच दटावलं, "गप्प घे." एक जण पाकिटात जपून ठेवलेला तुकडा घेऊन आला आणि जाताना माझ्याकडून जुळलेला अख्खा पत्ता मागून घेतला. म्हणाला, ताईंची आठवण. एकाचा तुकडा हरवला होता, पण पत्ता कुठला ते आठवत होतं, आणि तो डब्यात होता. दिले.

बाकीच्यांसाठी आम्ही दोघं बस पकडून योलांदाबाईंकडे गेलो. हे मोडकं डच बोलले. बाई वाईट नव्हत्या. तुम्ही गेलात हे ऐकून त्यांनी डोळे पुसले. पण पैसे देता येणार नाहीत म्हणाल्या, नियम आहे, व्हाउचरवर कार्यक्रमच करावा लागेल, कोणताही करा, तारीख मात्र धरून ठेवीन. परतताना हे बसमध्ये म्हणाले, "आता तू घे पत्ते हातात." मला हसू आलं. तुम्ही गेल्यानंतरचं पहिलं.

मार्ग निघाला तो मुंजीतून. आपल्या हूफडॉर्पच्याच लिमयांच्या मुलाची मुंज दोनदा पुढे गेली होती. निर्बंध उठायला लागले तसे सगळे हॉल भरून गेले. सगळ्यांच्या राहिलेल्या लग्नांना आणि वाढदिवसांना एकदमच तारखा हव्या होत्या. लिमयेवहिनी दुकानात भेटल्या, रडकुंडीला आलेल्या. मी मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते, आणि म्हणाले, "माझ्याकडे हॉल आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मीही दचकलेच. हॉलचं भाडं त्या मला देणार, मी व्हाउचर त्यांना देणार, आणि स्वयंपाक आमचा. तुम्ही करंडक आणि चकत्यांवर थोडे खर्च केले होतेत, तेवढी तूट स्वयंपाकाच्या पैशांतून भरून निघणार होती.

मुंजीच्या सकाळी आम्ही पातेली घेऊन पोचलो, आणि दाराशीच मी थबकले. दारात एक पडदा असतो ना, आज कोणाचा कार्यक्रम आहे ते दाखवणारा, त्याच्यावर तुमचं नाव होतं. मोठ्या अक्षरांत. आणि खाली, पोकर टूर्नामेंट. व्हाउचर तुमच्या नावाचं, कोणी बदललंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही आत आहात. मागून येऊन म्हणाल, "वहिनी, किती टेबलं लावली बघा."

तेवढ्यात लिमयांचे आजोबा आले, पुण्याहून मुद्दाम आलेले, सोवळं नेसून. चष्मा वर करून त्यांनी वाचलं. "अरे, हे पोकर काय आहे? मुंज आहे ना आपल्याकडे?"

"बाबा, जुनं बुकिंग आहे ते," लिमये म्हणाले.

"मग मातृभोजनाला काय, पत्ते वाटणार?"

योलांदाबाई पळत आल्या, सॉरी सॉरी म्हणत. मी त्यांचा हात धरला. "राहू द्या," म्हणाले, मराठीतच. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. "कोण ह्या?"

"यांच्यामुळे हॉल मिळाला," मी म्हणाले.

आजोबांनी पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. "बरं. पण मुहूर्ताच्या आधी काढा म्हणावं."

तेवढा वेळ तुमचं नाव तिथं होतं. लोक दारात फोनवरचा तो लसीचा पास दाखवून आत येत होते आणि प्रत्येक जण वाचून जात होता. आत मंगलाष्टकं चालू असताना कोणाला तरी ठसका लागला, आणि अख्खा हॉल एकदम वळून बघायला लागला. नुसती अक्षत घशात गेली होती. माझ्या मात्र हातातला झारा खाली पडला. अजूनही कोणी खोकलं की मी छताकडे बघते. वर आता नवीन माणूस आहे. त्याची खुर्ची चाकांची नाही.

मुंजीनंतर महिनाभरात उरलेल्यांचे पैसे दिले. काही जण घरी आले, काही जणांना ह्यांनी नेऊन दिले. निखिल आला नाही, त्याची बायको रॉटरडॅमहून एकटी आली. चहा घेतला. पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात घातले आणि म्हणाली, "मी नेले म्हणून ह्यांना सांगू नका, वहिनी. विचारलं तर म्हणा, बायकोला दिले. पण विचारलं तरच." मी म्हणाले, मी बोलतच नाही, सांगणार कशी? ती हसली. जाताना दारात थांबली. "ताईंनी तो नियम काढला होता ना? त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. तुमच्यामुळे काढला म्हणाल्या." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

सगळ्यात शेवटी एकच फी उरली, तुमची. डाव तुमचा, तरी सगळ्यांच्या आधी तुम्ही रोख भरली होतीत.

परवा दुपारी मी तुमच्या आईंना फोन लावला. हे कामावर होते, मुद्दामच. घंटा वाजत होती तेव्हा ठेवून द्यावा असं वाटलं.

"मी हूफडॉर्पहून बोलते. ताईंच्या खालच्या मजल्यावरची. तुम्ही मला एक विचारलं होतंत."

"हो," त्या म्हणाल्या. "आठवतंय."

"नाही खाल्ले. हॉलला अडकले होते. सगळ्यांचे परत दिले, शेवटच्या माणसापर्यंत. एकच फी राहिली आहे, त्यांची स्वतःची. ती कोणाला द्यायची म्हणून फोन केला."

या वेळी त्या गप्प राहिल्या. मी ठेवला नाही, थांबले.

"किती आहे?" त्यांनी विचारलं. आवाज तोच, शाळेतल्या बाईंचा, पण मध्येच थोडा तुटला.

मी सांगितलं.

"पाठवा. मी घेते."

ह्यांनी काल बँकेतून पाठवले. आज सकाळी त्यांचा निरोप आला, पैसे पोचले. विदुलाताई, तुमच्या डावाचं आता कोणाचंही देणं राहिलेलं नाही.